क्लाइपेडा १९२३–१९३९: घरात लिथुएनियन, मतपेटीत जर्मन

१९२५ साली बाल्टिक समुद्राच्या काठावरच्या क्लाइपेडा प्रदेशात दोन वेळा माणसे मोजली गेली. पहिल्यांदा जनगणनेत. लोकसंख्या भरली १,४१,६४५. स्वतःला जर्मन म्हणवणारे साधारण ४२ टक्के, लिथुएनियन म्हणवणारे २७ टक्क्यांच्या आसपास. जवळजवळ एक चतुर्थांश लोकांनी मात्र या दोन्ही रकाने सोडून ‘आम्ही क्लाइपेडाचे’ अशी नोंद करून घेतली. या तिसऱ्या गटातल्या बहुतेकांची घरातली भाषा लिथुएनियन होती. त्यामुळे लिथुएनियाच्या सरकारने हिशेब मांडला तो असा: २७ आणि २५ मिळून निम्म्याहून अधिक माणसे आपली.

दुसरी मोजणी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झाली, प्रांतिक विधिमंडळाच्या पहिल्या निवडणुकीत. २९ जागांपैकी २७ जर्मन पक्षांनी जिंकल्या. लिथुएनियन पक्षांच्या वाट्याला २ आल्या.

पुढची तेरा वर्षे निवडणुका होत राहिल्या, कायदे बदलले, गव्हर्नर बदलले, पण लिथुएनियन पक्षांच्या जागा ५ च्या वर कधीही गेल्या नाहीत. जनगणना आणि मतपेटी यांतली ही दरी हाच या अभ्यासाचा विषय आहे. मेमेलचा (हे क्लाइपेडाचे जर्मन नाव) इतिहास बहुधा हिटलरच्या चढाईचा एक लहानसा टप्पा म्हणून सांगितला जातो. तसे सांगितले की १९२३ ते १९३३ ही दहा वर्षे हातातून निसटतात, आणि माझ्या मते प्रकरण बिघडले ते त्याच दहा वर्षांत.

पाचशे वर्षांची सीमा

मेमेल या जर्मन नावाने ओळखला जाणारा किल्ला १२५२ साली लिव्होनियातल्या जर्मन धर्मयोद्ध्यांनी बांधला. लिथुएनियन लोक त्या गावाला क्लाइपेडा म्हणतात. १४२२ च्या मेल्नो तहाने ट्यूटॉनिक धर्मयोद्ध्यांचे राज्य (पुढचे प्रशिया) आणि लिथुएनिया यांच्यामधली हद्द ठरली. ही हद्द पहिल्या महायुद्धापर्यंत, म्हणजे जवळजवळ पाचशे वर्षे, जागची हलली नाही. युरोपात इतकी टिकलेली सीमा क्वचितच सापडते. तिच्या दोन्ही बाजूंना लिथुएनियन बोलणारे शेतकरी राहत, पण पश्चिमेकडच्यांचा राजा प्रशियाचा होता आणि पूर्वेकडच्यांवर आधी पोलंड-लिथुएनियाचे संयुक्त राज्य व १७९५ नंतर रशियाचा झार.

पाचशे वर्षांत जे व्हायचे ते झाले. प्रशियाने १५२५ साली ल्यूथरचा पंथ स्वीकारला, पूर्वेकडचा लिथुएनिया कॅथलिक राहिला. लिथुएनियन भाषेतले पहिले छापील पुस्तक १५४७ साली निघाले ते प्रशियातल्या कोनिग्सबर्गला, मार्टीनास माझ्वीदासने लिहिलेली ल्यूथरपंथी धर्मप्रश्नोत्तरी. पुढे झारने १८६४ ते १९०४ अशी चाळीस वर्षे लॅटिन लिपीतल्या लिथुएनियन छपाईवर बंदी घातली, तेव्हा प्रशियातल्या टिल्झिटसारख्या गावांत पुस्तके छापून ती चोरवाटांनी सीमेपार नेली जात. आधुनिक लिथुएनियन राष्ट्रवादावर या पश्चिमेकडच्या बंधूंचे मोठे ऋण आहे, आणि १९१८ नंतर स्वतंत्र लिथुएनियाने ‘आमचे रक्त, आमची भाषा’ म्हणून हात पुढे केला तेव्हा त्यामागे ढोंग नव्हते.

हा मुलूख लहान, अडीच-पावणेतीन हजार चौरस किलोमीटरचा. नेमुनास नदीच्या उत्तरेची एक चिंचोळी पट्टी, तोंडाशी बंदर, खाली नदीच्या मुखाजवळचे रुस्ने बेट. भारतीय वाचकाला या बेटाशी एक खरा धागा आहे. दक्षिण आफ्रिकेत गांधीजींना टॉल्स्टॉय फार्मसाठी जमीन देणारे वास्तुविशारद हर्मान कालेनबाख लहानपणी इथेच वाढले. रुस्नेत आज या दोघा मित्रांचा पुतळा उभा आहे. नदीपलीकडच्या टिल्झिटमध्ये राहणारे आणि भगवद्गीता लिथुएनियन भाषेत आणणारे विदूनास हेही याच प्रशियन-लिथुएनियन समाजातले. हा समाज आकाराने लहान असला तरी कूपमंडूक नव्हता, हे लक्षात ठेवले पाहिजे.

जानेवारी १९२३

व्हर्सायच्या तहाच्या ९९ व्या कलमाने जर्मनीने या प्रदेशावरचा हक्क सोडला, पण तो लिथुएनियाला मिळाला नाही. विजेत्या दोस्त राष्ट्रांनी तो स्वतःच्या ताब्यात ठेवला. १९२० च्या सुरुवातीला फ्रेंच तुकडी येऊन दाखल झाली आणि फ्रेंच अधिकारी कारभार पाहू लागला. लिथुएनियाला बंदर हवे होते, कारण दुसरे नव्हतेच. पोलंडलाही त्यात रस होता. १९२० च्या ऑक्टोबरात पोलिश सेनापती झेलिगोव्स्कीने व्हिल्नियस घेतले होते, त्यामुळे राजधानी गमावलेले लिथुएनियन सरकार कौनासमधून चालत होते आणि आता बंदरही जाईल या भीतीने अस्वस्थ होते.

स्थानिक लोकांना काय हवे होते? १९२२ मध्ये डान्झिगसारखे (राष्ट्रसंघाच्या देखरेखीखालचे स्वतंत्र बंदर-शहर) स्वतंत्र राज्य व्हावे या मागणीसाठी सह्यांची मोहीम झाली आणि पन्नास हजारांहून अधिक सह्या जमल्या. मतदार सत्तर हजारांच्या घरात होते. उलट बाजूला ३० नोव्हेंबर १९१८ चा टिल्झिटचा जाहीरनामा होता, ज्यात प्रशियन-लिथुएनियन पुढाऱ्यांनी लिथुएनियाशी एकीकरण मागितले होते. त्यावर सह्या होत्या २४. हे दोन आकडे शेजारी ठेवले की १९२५ च्या निवडणुकीचे आश्चर्य निम्मे कमी होते.

पंतप्रधान एर्नेस्टास गाल्वानाउस्कास यांनी उठाव घडवायचा ठरवले. दिसायला तो स्थानिक लोकांचा असेल, करतील मात्र लिथुएनियाचे सैनिक आणि ‘रायफलवाले’ स्वयंसेवक. ९ जानेवारीला मार्टीनास यांकुस यांच्या अध्यक्षतेखालच्या ‘लघु लिथुएनिया (प्रशियातला लिथुएनियन मुलूख) बचाव समिती’ने सत्ता हाती घेतल्याचे जाहीर केले. दुसऱ्या दिवशी हजारभर माणसे साध्या कपड्यांत, दंडाला पट्टी बांधून हद्द ओलांडून आली. त्यांचा म्होरक्या योनास पोलोविन्स्कास इथे योनास बुद्रीस या नावाने वावरला, आणि पुढे याच नावाने या प्रदेशाचा पहिला गव्हर्नरही झाला. ११ जानेवारीला फ्रान्सने जर्मनीच्या रूर खोऱ्यात सैन्य घुसवले, त्यामुळे पॅरिसचे लक्ष भलतीकडे होते. मेमेलमध्ये दोनेकशे फ्रेंच सैनिक होते. १५ तारखेला शहर पडले. दोन्ही बाजूंची मिळून जीवितहानी वीसच्या आत राहिली.

जर्मनीने हे का होऊ दिले? बर्लिनला फ्रेंच किंवा पोलिश सत्तेपेक्षा दुबळा लिथुएनिया परवडणारा होता. दुबळ्याकडून परत घेता येते. हा हिशेब त्या वेळी कौनासमध्ये कोणाला दिसला नसेल असे मला वाटत नाही. बंदराची निकड इतकी मोठी होती की त्यांनी तो पत्करला.

१६ फेब्रुवारीला दोस्त राष्ट्रांच्या राजदूत परिषदेने प्रदेश लिथुएनियाला देण्याचे तत्त्वतः मान्य केले. मुख्य अट: स्वायत्तता.

पॅरिसचा करार

वाटाघाटी वर्षभर रेंगाळल्या. शेवटी राष्ट्रसंघाने अमेरिकन मुत्सद्दी नॉर्मन डेव्हिस यांच्या नेतृत्वाखाली आयोग नेमला आणि ८ मे १९२४ रोजी पॅरिसमध्ये करारावर सह्या झाल्या. एका बाजूला लिथुएनिया. दुसऱ्या बाजूला ब्रिटन, फ्रान्स, इटली आणि जपान. बाल्टिक किनाऱ्यावरच्या एका जिल्ह्याएवढ्या प्रदेशाचा जामीनदार जपान, हे आज चमत्कारिक वाटते, पण पहिल्या महायुद्धानंतरची जागतिक व्यवस्था अशीच होती.

कराराला जोडलेला स्वायत्तता कायदा कागदावर उत्तम होता. सार्वभौमत्व लिथुएनियाचे. राष्ट्राध्यक्ष गव्हर्नर नेमणार. स्थानिक कायदे, शाळा, पोलीस, न्यायव्यवस्था, स्थानिक कर हे तीन वर्षांसाठी निवडलेल्या विधिमंडळाकडे. कारभार जास्तीत जास्त पाच जणांच्या कार्यकारी मंडळाकडे. त्याचा अध्यक्ष गव्हर्नर नेमणार, पण मंडळाला विधिमंडळाचा विश्वास हवा. दोन्ही भाषांना समान दर्जा. बंदरासाठी तिघांचे मंडळ: एक लिथुएनियाचा, एक प्रदेशाचा आणि एक राष्ट्रसंघाने नेमलेला तटस्थ.

अडचण अध्यक्षाच्या नेमणुकीतच दडलेली होती. गव्हर्नर ज्याला नेमेल त्याला विधिमंडळाने मान्य करायचे, आणि विधिमंडळात ९० टक्के जागा अशा पक्षांच्या की ज्यांना गव्हर्नर नकोच होता. समंजस माणसे दोन्हीकडे असती तर हे निभले असते. त्यातच डिसेंबर १९२६ मध्ये कौनासला लष्करी बंड होऊन आन्तानास स्मेटोना राष्ट्राध्यक्ष झाले, लवकरच देशाची संसद बरखास्त झाली आणि लष्करी कायदा लागू झाला. तो क्लाइपेडातही लागू होता, थेट १ नोव्हेंबर १९३८ पर्यंत. म्हणजे हुकूमशाही देशाच्या पोटात एक निवडून आलेले विधिमंडळ. देशाला स्वतःची संसद नाही आणि ‘परक्या’ जिल्ह्याला आहे, याने कौनासमधल्या अधिकाऱ्यांचा जळफळाट होणे स्वाभाविक होते.

मते का मिळाली नाहीत

आता मूळ प्रश्न. घरी लिथुएनियन बोलणारा, लिथुएनियन भाषेतच देवाची प्रार्थना करणारा शेतकरी जर्मन पक्षाला मत का देत होता?

पहिले कारण धर्माचे आहे आणि ते सर्वांत खोल आहे. प्रशियन-लिथुएनियन गावांत एक पीएटिस्ट भक्तिपरंपरा होती. रविवारी चर्च झाले की लोक कोणाच्या तरी घरी जमत आणि गावातलाच एखादा साधा शेतकरी, पाद्री नव्हे, बायबलावर निरूपण करी. हे सारे लिथुएनियन भाषेत चाले. या लोकांनी भाषा जिवापाड जपली ती प्रार्थनेची भाषा म्हणून. राष्ट्र आणि झेंडा यांच्याशी तिचा संबंध त्यांनी जोडलाच नव्हता. त्यांच्या धर्मात राजनिष्ठेला स्थान होते, आणि राजा शतकानुशतके प्रशियाचा. सीमेपलीकडून आलेला कॅथलिक अधिकारी त्यांना आपल्या भाषेत बोलणारा परका वाटे. प्रदेशातले ल्यूथरपंथी चर्च १९२५ च्या करारानंतरही प्रशियाच्या चर्चशी जोडलेले राहिले, यात सगळे आले.

लिपीचीही आडकाठी होती. प्रशियातले लिथुएनियन आपली भाषा गॉथिक अक्षरांत छापत, जर्मन पुस्तकांसारखी. लिथुएनियात लॅटिन वळणाची अक्षरे रुळलेली. क्लाइपेडातला म्हातारा शेतकरी ‘लिएतुविश्का त्साइटुंगा’ हे आपले गॉथिक वर्तमानपत्र वाचे, पण कौनासहून आलेले वर्तमानपत्र हाती घेतले की अडखळे. एकाच भाषेचे हे दोन वाचकवर्ग होते.

मग पोटाचा प्रश्न. प्रशियात सक्तीचे शिक्षण, पक्के रस्ते, सहकारी दुग्धशाळा, पतपेढ्या हे सगळे कधीच आलेले होते. झारच्या राज्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या लिथुएनियात ते व्हायचे होते. क्लाइपेडाच्या शेतकऱ्याला एकीकरण म्हणजे एक पायरी खाली उतरणे वाटले. जुनी बाजारपेठ टिल्झिट, ती आता सीमेपलीकडे गेली. शहरातल्या लाकूड व्यापाऱ्यांचे तर कंबरडेच मोडले. मेमेलचे नाव होते ते नेमुनासवरून वाहत येणाऱ्या ओंडक्यांमुळे. व्हिल्नियसच्या वादामुळे लिथुएनिया आणि पोलंड यांची हद्द बंद राहिली, वरच्या अंगाचे लाकूड नदीतून येईनासे झाले आणि करवतीच्या गिरण्या रिकाम्या पडू लागल्या. गिरणीमालकाने आणि कामगाराने दोष कोणाला दिला असेल, हे उघड आहे.

लिथुएनियाने काही केलेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. बंदरावर भरपूर पैसा ओतला गेला. १९३२ साली तेल्शेय ते क्रेतिंगा हा लोहमार्ग पुरा झाला आणि देशाच्या आतल्या भागातून परकी हद्द न ओलांडता बंदराला जाता येऊ लागले. १९३० च्या दशकाच्या मध्यात वाणिज्य संस्था आणि अध्यापन संस्था इथे आल्या. देशाचा बहुतेक परदेश व्यापार याच धक्क्यावरून होऊ लागला. बंदर वाढले, कारखाने वाढले, कामासाठी पूर्वेकडून हजारो लोक आले.

नेमके इथेच चुकले, असे माझे मत आहे. गुंतवणूक बंदरात आणि नव्या आलेल्या माणसांत झाली. जुन्या गावांतल्या, तिसऱ्या रकान्यातल्या चतुर्थांश माणसांकडे कोणी त्यांच्या अटींवर गेले नाही. त्यांना ‘जर्मन बनवले गेलेले लिथुएनियन’ ठरवून पुन्हा लिथुएनियन करण्याचे धोरण आखले गेले. शाळा, कचेऱ्या, रेल्वे इथे पूर्वेकडचे लोक नेमले गेले, आणि लिथुएनियाच्या बाजूने आयुष्यभर झगडलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनाही आपण मागे सारले गेलो असे वाटू लागले. १९२३ च्या एप्रिलमध्येच शहरातले कैसर विल्हेल्मचे आणि बोरुसियाचे (प्रशियाचे स्त्रीरूप प्रतीक) पुतळे पाडले गेले होते. ज्या शेतकऱ्याचा बाप आणि आजा कैसरच्या सैन्यात शिपाई होता, त्याला त्यातून जो निरोप जायचा तो गेला.

दुसरी बाजूही स्वच्छ नव्हती. बर्लिनहून पक्षांना, वर्तमानपत्रांना, पतसंस्थांना गुपचूप पैसा येत होता. जर्मन नागरिकत्व निवडूनही प्रदेशातच राहिलेले हजारो लोक होते. शिक्षक, पाद्री आणि अधिकारी यांत त्यांचा भरणा होता. स्वायत्ततेचा उपयोग जर्मन पक्षांनी प्रदेश चालवण्यासाठी केला तितकाच तो लिथुएनियाला बाहेर ठेवण्यासाठी केला. ही ओढाताण पुरी उघड झाली ती १९३२ मध्ये.

ब्योट्शर प्रकरण

कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष ऑटो ब्योट्शर डिसेंबर १९३१ मध्ये बर्लिनला गेले. सोबत विधिमंडळाचे दोन सदस्य होते. प्रदेशातल्या शेतमालाला जर्मनीत वाट मिळावी म्हणून त्यांनी तिथल्या सरकारी खात्यांशी बोलणी केली. कौनासला न विचारता, न कळवता.

शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर यात गैर काय? माल खपत नव्हता, शेजारी गिऱ्हाईक होते. राज्याच्या बाजूने पाहिले तर परराष्ट्र व्यवहार हा सार्वभौमत्वाचा कणा, आणि एका प्रांताचा प्रमुख परक्या सरकारशी परस्पर बोलतो. गव्हर्नर आन्तानास मेर्कीस यांनी ब्योट्शर यांना राजीनामा मागितला. तो मिळाला नाही. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी त्यांनी ब्योट्शर यांना बडतर्फ करून स्थानबद्ध केले. नंतर एडुआर्ड सिम्माट यांना नवे अध्यक्ष नेमले. विधिमंडळाने २२ मार्चला सिम्माट यांच्यावर अविश्वास दाखवला, आणि त्याच दिवशी गव्हर्नरने विधिमंडळ बरखास्त केले.

जर्मनीने राष्ट्रसंघात तक्रार नेली. ब्रिटन, फ्रान्स, इटली आणि जपान या चार जामीनदारांनी लिथुएनियाविरुद्ध हेगच्या स्थायी आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. ११ ऑगस्ट १९३२ रोजी निकाल आला. तो आजही वाचण्यासारखा आहे, कारण स्वायत्त प्रदेश आणि मध्यवर्ती सत्ता यांच्यातली रेघ कुठे असते हे तो अगदी जपून शोधतो.

न्यायालयाने सांगितले की अध्यक्षाला काढण्याचा अधिकार कायद्यात स्पष्टपणे लिहिलेला नसला तरी गव्हर्नरला तो आहे. पण कधी? अध्यक्षाने गंभीर कृत्य केलेले असावे, त्याने राज्याच्या सार्वभौम हक्कांना बाधा येत असावी आणि दुसरा उपाय उरलेला नसावा, तेव्हाच. ब्योट्शर यांच्या बाबतीत या कसोट्या पुऱ्या होतात, म्हणून बडतर्फी योग्य. अध्यक्ष गेला म्हणून मंडळातले इतर सदस्य आपोआप जात नाहीत. सिम्माट यांची नेमणूक नियमाला धरून. मात्र विधिमंडळाची बरखास्ती नियमबाह्य, कारण ज्या मंडळाला विधिमंडळाचा विश्वासच मिळालेला नाही त्याच्या संमतीने ते विधिमंडळ बरखास्त करता येत नाही.

म्हणजे दोघांनाही थोडे थोडे मिळाले. कौनासने ‘आमचे सार्वभौमत्व मान्य झाले’ म्हणून निकाल मिरवला, बर्लिनने ‘बरखास्ती बेकायदा ठरली’ म्हणून. पण निकाल येईपर्यंत मे महिन्यात नवी निवडणूक होऊनही गेली होती. जर्मन पक्षांना २४, लिथुएनियनांना ५. बरखास्ती चुकीची असली तरी देशांतर्गत कायद्यात तिचा परिणाम शून्य झाला असे आम्ही म्हणत नाही, असे न्यायालयाने जोडले, त्यामुळे जुने विधिमंडळ परत येण्याचा प्रश्न नव्हता.

मला या निकालात एक वाट दिसते जी कोणी घेतली नाही. गव्हर्नरचा अधिकार मान्य झाला होता आणि त्याला लगामही घातला गेला होता. सहा महिन्यांनी बर्लिनमध्ये सत्ता बदलली नसती, तर या निकालाच्या चौकटीत पुढची दहा वर्षे भांडत-तंडत का होईना, कारभार चालू शकला असता.

नॉयमान आणि सास

१९३३ मध्ये प्रदेशात दोन नाझी संघटना उभ्या राहिल्या. एक पाद्री थिओडोर फोन सास यांची, दुसरी पशुवैद्य एर्न्स्ट नॉयमान यांची. दोघांचे आपसात पटत नव्हते, पण ओढा एकाच दिशेचा होता. गव्हर्नर योनास नवाकास यांनी १९३४ मध्ये दोन्हींवर बंदी घातली, शस्त्रे जप्त केली आणि कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष ओटोमार श्रायबर यांना काढून लिथुएनियन बाजूचा माणूस बसवला.

डिसेंबर १९३४ ते मार्च १९३५ असा कौनासच्या लष्करी न्यायालयात खटला चालला. सव्वाशेच्या आसपास आरोपी, त्यांतल्या ८७ जणांना शिक्षा, चौघांना देहदंड. पुढे तो जन्मठेपेवर आला. नॉयमान यांना १२ वर्षे सक्तमजुरी. सशस्त्र बंडाची तयारी केल्याबद्दल नाझींवर एवढ्या मोठ्या प्रमाणावर चाललेला युरोपातला हा पहिला खटला. १९३५ साली, जेव्हा मोठी राष्ट्रे हिटलरशी जुळवून घेण्याच्या वाटा शोधत होती, तेव्हा एका चिमुकल्या देशाने त्याच्या माणसांना उघड न्यायालयात उभे केले. लिथुएनियाच्या क्लाइपेडा धोरणावर माझा आक्षेप आहे, पण या एका गोष्टीत तो देश बरोबर होता आणि एकटा होता.

त्याची किंमत त्याने मोजली. जर्मनीने लिथुएनियाचा शेतमाल घेणे जवळजवळ थांबवले. निर्यातीचा सर्वांत मोठा बाजार गेला, भाव कोसळले, आणि १९३५ च्या उन्हाळ्यात नैऋत्य लिथुएनियातल्या सुवाल्किया भागातल्या शेतकऱ्यांनी संप केला. त्याच सप्टेंबरात न्यूरेम्बर्गच्या भाषणात हिटलरने मेमेलचे नाव घेतले. महिनाअखेरच्या निवडणुकीत नव्या नियमानुसार प्रत्येक मतदाराला पक्षाला मत न देता २९ उमेदवार निवडावे लागत होते. मतदान इतके संथ झाले की ते दुसऱ्या दिवशीही चालू ठेवावे लागले. निकाल पुन्हा २४ आणि ५. नियम बदलून मन बदलत नाही, हे कौनासला कळायला हवे होते. जामीनदारांनी खटल्यातली शिक्षा आणि गव्हर्नरची कडक पावले यांबद्दल लिथुएनियालाच समज दिली.

इथे त्या चतुर्थांश माणसांचे काय झाले, ते पाहिले पाहिजे. १९२५ मध्ये ‘आम्ही क्लाइपेडाचे’ म्हणणाऱ्याला दोन्ही बाजूंपासून थोडे अंतर राखता येत होते. १९३५ नंतर ती जागा उरली नाही. एकीकडे लष्करी कायदा, दुसरीकडे गावागावांत दहशत आणि बहिष्कार. जर्मन पक्ष आता जुने शेतकरी आणि व्यापारी पक्ष राहिले नव्हते, ते एकाच यादीत वितळून गेले होते. जुन्या राजनिष्ठेपोटी दिलेले मत आणि हिटलरला दिलेले मत मोजणीत एकच झाले.

मार्च १९३९

नंतरचे भराभर घडले. बर्लिनशी व्यापार सुधारावा म्हणून कैद्यांना टप्प्याटप्प्याने सोडले गेले. नॉयमान १९३८ च्या सुरुवातीला बाहेर आला. मार्च १९३८ मध्ये पोलंडने निर्वाणीचा खलिता देऊन लिथुएनियाला राजनैतिक संबंध जोडायला लावले, आणि या देशाच्या मदतीला कोणी येत नाही हे सर्वांना दिसले. १ नोव्हेंबरला लष्करी कायदा उठला. त्यानंतर प्रदेशात खऱ्या अर्थाने नॉयमानचेच राज्य होते. ११ डिसेंबरच्या निवडणुकीत त्याच्या यादीला सुमारे ८७ टक्के मते आणि २५ जागा मिळाल्या. ज्यू कुटुंबांनी वाट पाहिली नाही. हजारो जण त्या हिवाळ्यात घरेदारे विकून, काही तशीच टाकून, लिथुएनियाच्या आतल्या भागात गेले. ज्या देशात त्यांनी आसरा घेतला तिथे अडीच वर्षांत त्यांच्यावर काय ओढवले, ते जगाला माहीत आहे.

२० मार्च १९३९ रोजी लिथुएनियाचे परराष्ट्रमंत्री युओझास उर्बशीस पोपच्या राज्यारोहणाहून परतताना बर्लिनला थांबले. जर्मन परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉपने त्यांना सांगितले: प्रदेश द्या, नाहीतर सैन्य घेईल. २२ तारखेच्या रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, करारावर सह्या झाल्या. लिथुएनियाला बंदरात ९९ वर्षांसाठी मुक्त क्षेत्र देण्याचे कबूल केले गेले. २३ तारखेला ‘डॉइचलँड’ युद्धनौकेवरून हिटलर आला आणि नाट्यगृहाच्या सज्जातून बोलला.

चार जामीनदारांपैकी इटली आणि जपान तोवर जर्मनीच्या गोटात होते. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी बोट उचलले नाही. लिथुएनियाने प्रदेशाबरोबर देशाच्या उद्योगाचा सुमारे तिसरा हिस्सा आणि परदेश व्यापाराचा दरवाजा गमावला. १९२३ च्या उठावानंतर पहिले स्थानिक मंडळ बनवणारे एर्डमोनास सिमोनाइतिस पुढे नाझींच्या छळछावण्यांत गेले, ते वाचले.

ऑक्टोबर १९४४ मध्ये लाल सेना जवळ आली तेव्हा जर्मन प्रशासनाने प्रदेश रिकामा करायला लावला. जर्मन, लिथुएनियन, क्लाइपेडाचे, सगळेच पश्चिमेकडे निघाले. २८ जानेवारी १९४५ रोजी रशियन सैनिक शहरात शिरले तेव्हा त्यांना माणूस क्वचितच भेटला. युद्धानंतर सोव्हिएत लिथुएनियाच्या हद्दीत नवी वस्ती झाली ती इतर ठिकाणांहून आलेल्यांची. जुन्यांपैकी काही हजार परतले. त्यांना सोव्हिएत नागरिकत्व मिळाले, आणि लिथुएनियन म्हणून ते मोजले जाऊ लागले. १९५८ मध्ये सोव्हिएत संघ आणि पश्चिम जर्मनी यांच्यात करार झाला, की पूर्वी जर्मन नागरिक असलेल्यांना देश सोडून जाता येईल. पुढच्या दोन वर्षांत परतलेल्यांपैकी बहुतेकांनी अर्ज केले आणि ते पश्चिम जर्मनीला गेले. त्यांत अशी कितीतरी कुटुंबे होती ज्यांच्या घरातले म्हातारे अजूनही लिथुएनियन भाषेत, गॉथिक अक्षरांतल्या प्रार्थनापुस्तकातून, प्रार्थना म्हणत.